गोठ्यातील केसांचे आमिष

भातकापणी आटोपली, मळणी झाली आणि कणग्या भरल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतकऱ्यास संध्याकाळी घटका दोन घटका सवड सापडते. मालवण, कोळंब, आचरे, देवबाग या बाजूस ज्यांची जमीन खाडीस लागून आहे, त्यांपैकी पुष्कळजण या सवडीत गरी घेऊन बांधावर बसतात. हा त्यांचा धंदा नव्हे. घरच्या कालवणापुरता मासा मिळावा व मनास विसावा व्हावा, इतकाच हेतू. परंतु या छंदासही खर्च आहे. गरीस लावावयाची कोळंबी विकत घ्यावी, तर पुष्कळदा ती आमिषास खर्ची न घालता कालवणातच घातली असती तर बरे झाले असते, असा हिशेब निघतो. बाजारात मिळणारी रबराची व प्लॅस्टिकची खोटी मासोळी त्याहून महाग. शिवाय तुटून पाण्यात राहिली तर कुजत नाही.

या दोहोंवर एक जुना व सोपा उपाय आहे, तो म्हणजे जनावराच्या केसांचे आमिष. हे आमिष घरच्या घरी करता येते आणि त्यास लागणारे मुख्य द्रव्य आपल्या गोठ्यात फुकट पडलेले असते. गेली सहा वर्षे आम्ही ते करून पाहत आहो. त्यात जे साधले व जे चुकले, ते दोन्ही वाचकांपुढे ठेवतो. महसूल खात्याच्या दप्तरात उभा जन्म गेल्यामुळे आम्हांस एक खोड जडली आहे, ती ही की, वस्तू आली कोठून आणि गेली कोठे हे लिहून ठेवल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. या लहानशा कामात ती खोड किती उपयोगी पडली, हे पुढे दिसेलच.

ही युक्ती नवी नव्हे

इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ईलियन नामक रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील मासे धरणाऱ्या लोकांचे वर्णन केले आहे. ते लोक गळास तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिजवर कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसे बांधीत. माशी पाण्यावर बसली आहे असे वाटून मासा फसत असे. आपल्या देशातही गळाने मासे धरणे हा केवळ पोटाचा उद्योग मानलेला नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. पुढे इंग्रजी अमदानीत हेन्री सलिव्हन टॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर मोठे पुस्तक लिहिले; ते सन १८७३ मध्ये मंगळूर येथे, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, छापले गेले. विलायतेत व अमेरिकेत आजही वासराच्या शेपटीचे केस याच कामासाठी दुकानांतून विकले जातात. जे तेथील लोक पैसे देऊन घेतात, ते आपण केरात टाकतो.

मासा केसास का भुलतो

कोरडा केस हातात घेतला तर त्यात माशासारखे काहीच दिसत नाही. परंतु तोच ओला होऊन पाण्यात ओढला गेला म्हणजे केसांची जुडी मिटते, लांबट होते आणि ओढ थांबताच पुन्हा किंचित फुलते. ही मिटण्याफुलण्याची हालचाल लहान मासळीच्या अंगाच्या लवलवीसारखी भासते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिच्या योगाने त्यास पाण्यातील बारीक कंप कळतात. म्हणून गढूळ पाण्यातही, डोळ्यांस नीट दिसण्यापूर्वी, जवळून काही चालले आहे एवढे तो ओळखतो. कडक प्लॅस्टिकच्या मासोळीस हालविण्यासाठी ओढीत राहावे लागते. केस मात्र नुसत्या प्रवाहानेही हालत राहतो. केसांच्या आमिषाचे सारे मर्म एवढेच आहे.

मात्र हे आमिष भक्ष्याच्या पाठीस लागणाऱ्या माशासाठीच आहे, हे ध्यानात ठेवावे. जिताडा, ज्यास गोव्याकडे चोणक म्हणतात, आणि तांबोशी हे खाडीतील त्यापैकी मुख्य होत. शेवाळ व गाळ चाटून राहणाऱ्या माशांस केसांचे आमिष दाखवून उपयोग नाही.

केस कोणते घ्यावेत

१. शेळीचे केस. आपल्या जिल्ह्यातील कोकण कन्याळ जातीच्या शेळीचे अंगावरील केस आखूड व गुळगुळीत असतात. ते मोठ्या आमिषास पुरत नाहीत. परंतु तिच्या शेपटीवरचे व बोकडाच्या दाढीचे केस लांब व लवचीक असतात आणि तेच उत्तम. काळा व पांढरा हे दोन्ही रंग या जातीत आयतेच मिळतात.

२. वासराच्या शेपटीचे केस. हे थोडे कुरळे असतात. त्यामुळे जुडी चपटी न होता भरदार दिसते व थोड्या केसांत काम भागते.

३. गाईच्या शेपटीच्या गोंड्याचे केस. हे लांब व राठ असतात. मोठ्या आमिषात मध्यभागी थोडे घातले असता आकार टिकतो; नुसते हेच वापरले तर आमिष काडीसारखे ताठ राहते.

४. कोंबड्याच्या मानेची पिसे. केस नव्हेत खरे, परंतु जुडीच्या दोन्ही बाजूंस एकेक पीस बांधल्यास हालचाल वाढते.

जिवंत जनावराचे केस घेताना गोंड्याच्या टोकाकडील थोडेच कातरावेत, आणि तेही माश्यांचा उपद्रव कमी असेल त्या दिवसांत. शेपूट हा गाईचा पंखा आहे. आपल्या छंदापायी तिला पावसाळाभर माश्यांच्या हवाली करणे बरे नव्हे. शेळीची शेपटी मिळवण्यास तर काहीच त्रास नाही. सणावारी कापलेल्या बोकडाची शेपटी खाटीक टाकूनच देतो. ती खालच्या बाजूने उभी चिरून हाड काढावे, चरबी खरवडावी, आतून मीठ चोळावे आणि फळीवर ताणून सावलीत आठ दिवस वाळवावी. मग रिठ्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा वाळवावी. कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराची गोळी टाकून ठेवावी.

कोणते केस मुळीच घेऊ नयेत

हा भाग वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा, कारण येथे आमचीच चूक होता होता राहिली. चार वर्षांपूर्वी सकाळी रस्त्यावर वाहनाखाली सापडून मेलेले एक मुंगूस आम्हांस दिसले. त्याच्या शेपटीचे करडे, पट्ट्यापट्ट्यांचे केस आमिषास किती शोभतील, असा मोह झाला. मेलेलेच आहे, आपण थोडेच मारले, असे मनाशी म्हणत आम्ही पिशवी काढली. बरोबर एक जाणते गृहस्थ होते. त्यांनी हात धरला. पुढे आम्ही कायदा काढून वाचला, तेव्हा कपाळास घाम आला.

सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मुंगूस हा संरक्षित प्राणी आहे; चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी त्याची फार कत्तल होत असल्याने त्याच्या केसांच्या व्यापारावर बंदी आहे. त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे संरक्षित वन्य प्राणी मेलेला सापडला किंवा चुकून मारला गेला, तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो. असा प्राणी वा त्याचा अवयव ज्याच्या हाती येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. सांबर, चितळ, भेकर, पाणमांजर या सर्वांस हा नियम लागू आहे. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर परवान्याने मारले गेले, तरी त्याचे राठ केस ठेवून घेण्याचा हक्क त्या परवान्याने मिळत नाही. आजोबांच्या वेळची शिंगे किंवा कातडे भिंतीवर असेल, तर त्याचाही केस उपटू नये. इंग्रजी पुस्तकांतून हरणाच्या शेपटीचे केस वापरावे असे वारंवार लिहिलेले असते. ते त्या त्या देशांच्या कायद्यास धरून असेल, आपल्या देशास ते लागू नाही.

दुसरा निषेध कायद्याचा नसून आरोग्याचा आहे. एकाएकी मेलेल्या, विशेषतः नाकातोंडातून काळसर रक्त आलेल्या जनावराचे केस कदापि घेऊ नयेत. ती फाशी रोगाची खूण असू शकते. या रोगाचे बीज केसांत व कातड्यात दीर्घकाळ टिकते आणि माणसास त्यापासून काळपुळी होते. अशा जनावरास हात न लावता, ते न चिरता, पशुवैद्यास कळवावे. अंगावर गजकर्ण असलेल्या जनावराचे केसही वर्ज्य करावेत.

रंग देणे

काळा व पांढरा हे मूळचे रंग बहुतेक कामास पुरतात. पिवळा हवा असल्यास हळदीच्या कोमट पाण्यात तुरटीचा लहान खडा विरघळवून त्यात पांढरे केस रात्रभर ठेवावेत. तपकिरी हवा असल्यास खैराच्या काताचे पाणी वापरावे. पाणी कोमट असावे. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतो. हळदीत चुना घातल्यास लाल रंग येतो खरा, परंतु चुन्याच्या क्षाराने केस कुजतो, म्हणून तो घालू नये. हळदीचा रंग उन्हाने उडतो. उडाल्यावर पुन्हा द्यावा, त्यास खर्च तो काय?

बांधण्याची रीत

साहित्य : दीड इंच दांड्याचा गळ, बारीक मजबूत दोरा, मधमाश्यांचे मेण, बारीक फणी, कात्री, पेनाचे रिकामे टोपण आणि नखे रंगविण्याचा बिनरंगी रंग. शेवटची वस्तू आम्ही सुनेकडून मागून घेतली. तिने ती हसत हसत दिली, एवढे नमूद करतो.

प्रथम गळाचा बाक पकडीत धरून पकडीच्या दांड्यांस रबर गुंडाळावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. दोऱ्यास मेण चोळावे. गळाच्या नेढ्यापासून सुताभर जागा मोकळी सोडून तेथून मागे वीसेक वेढे एकास एक लागून घालावेत. नुसत्या गुळगुळीत पोलादावर केस घसरतात. हे वेढे त्यांची बैठक होय.

मग पांढऱ्या केसांची जुडी घ्यावी. ती काड्यापेटीतील एका काडीपेक्षा जाड नसावी. फणीने विंचरून मुळाजवळची बारीक लव काढून टाकावी. जुडी टोकांकडून पेनाच्या टोपणात घालून टोपण मेजावर चार वेळा आपटावे, म्हणजे सर्व टोके एका रेषेत येतात. ही जुडी दांड्याच्या खालच्या बाजूस अशी धरावी की, केस गळाच्या बाकापलीकडे दांड्याच्या लांबीइतके मागे जातील. पहिले दोन वेढे सैल घालून तिसरा आवळावा. पहिलाच वेढा आवळला तर केस दांड्याभोवती फिरून विखुरतात. त्याचप्रमाणे काळ्या किंवा तपकिरी केसांची तितकीच जुडी दांड्याच्या वर बांधावी. माशाचे पोट फिकट व पाठ गडद असते, तोच क्रम येथे राखावयाचा.

पुढे आलेली केसांची मुळे तिरपी कातरून ती दोऱ्याने पूर्ण झाकावीत आणि चार-पाच गाठी मारून दोरा तोडावा. या डोक्यावर नखरंगाचे दोन हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा द्यावा. वाटल्यास दोन्ही बाजूंस डोळ्याचा ठिपका काढावा. एक रात्र वाळू द्यावे.

वजनासाठी पुष्कळजण चुलीवर शिसे वितळवितात. ते करू नये. शिसे विषारी आहे आणि त्याची वाफ व भुकटी मुलांस फार बाधक होते. त्याऐवजी नेढ्यापुढे दोरीत एक पितळी मणी किंवा जुना नट ओवावा.

परीक्षा

आमिष पाण्याच्या बादलीत बुडवून दोऱ्याने हळूहळू ओढावे. जुडी मिटून मासोळीसारखी निमुळती झाली व थांबताच फुलली, तर काम साधले. केरसुणीसारखी पसरून राहिली, तर केस फार झाले. पहिल्या वर्षी आम्ही नेमकी हीच चूक केली. दाट केस म्हणजे चांगले आमिष, अशा समजुतीने बोटाएवढ्या जुड्या बांधल्या आणि सारा हंगाम हात हालवीत परत आलो. दुसऱ्या वर्षी केस निम्म्याहून कमी केले, आणि मार्गशीर्षात उघाडीपाशी पहिला जिताडा लागला.

वापरावे केव्हा व कोठे

खारबंदिस्तीच्या उघाडीतून सुकतीच्या वेळी पाणी बाहेर पडू लागते, तेव्हा त्याबरोबर लहान मासळी व कोळंबी वाहत येते आणि मोठा मासा तिची वाट पाहत आडोशास राहतो. ती जागा व ती वेळ उत्तम. पुनव-अवसेच्या उधाणात ओढ फार असेल तर आमिष जड करावे. भांगाच्या दिवसांत हलके चालते. प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकून आमिष वाहू द्यावे, दोन हात ओढावे, थांबावे, पुन्हा ओढावे. मासा बहुधा थांबल्या क्षणीच घेतो.

काही मर्यादा पाळणे आपले कर्तव्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र सन १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. तेथील नियम विचारून घेतल्यावाचून गळ टाकू नये. यांत्रिक नौकांस जून व जुलै या दोन महिन्यांत मासेमारीची बंदी असते, ती विणीच्या हंगामासाठी. बांधावरच्या गळास ती लागू नसली, तरी तिचा हेतू आपणही ओळखावा. सन २०२३ मध्ये राज्य सरकारने माशांच्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरविली, तिचेही मर्म हेच की लहान मासा वाढू द्यावा. जिताड्याची गोष्ट आणखी निराळी आहे. हा मासा प्रथम नर असतो व वयाने वाढल्यावर मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा लागला तर ती बहुधा अंड्यांनी समृद्ध होणारी मादी असते. एखादी सोडून दिल्यास पुढील पिढी राहते.

आवक-जावक

आता शेवटची व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी अंधार पडता पडता आमचे एक आमिष खाजणातील गवतात अडकून तुटले. सकाळी शोधू म्हणून घरी आलो आणि विसरलो. चौथ्या दिवशी आमची कालवड चरून आली ती तोंडातून लाळ गाळीत, मान वाकडी करून. गवताबरोबर तो गळ तिच्या गालात आतून रुतला होता आणि नायलॉनची हातभर दोरी ओठाबाहेर लोंबत होती. पशुवैद्यांनी येऊन गळाचा काटा कापून तो काढला. ती दोरी आम्ही ओढली असती तर गाल फाटला असता. आणि गळ गिळला गेला असता तर त्याहून वाईट. गुरे चावून न खाता गिळतात. अशी टोकदार धातू जाळीदार पोटात बसते आणि तेथून पुढे हृदयाकडे घुसून जनावर दगावते. ज्या गोठ्यातून केस घेतले, त्याच गोठ्यास आम्ही गळ परत करीत होतो!

त्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली आहे. तीत चार रकाने आहेत : केस कोणत्या जनावराचे, आमिषे किती केली, आज बरोबर किती नेली, परत किती आणली. शेवटचे दोन आकडे जुळले नाहीत, तर बॅटरी घेऊन शोध घेतल्यावाचून बांध सोडावयाचा नाही. पाण्यात गेले असेल तर तसे लिहावयाचे. गवतात गेले असेल तर सापडेपर्यंत गुरे त्या बाजूस सोडावयाची नाहीत. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून घरी आणावयाची, कारण केस कालांतराने कुजून जातो, नायलॉन वर्षानुवर्षे राहते. याशिवाय गळाचा उलटा काटा पकडीने दाबून चपटा करण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. क्वचित एखादा मासा सुटतो, परंतु माणसाच्या बोटात किंवा जनावराच्या ओठात रुतलेला गळ सहज निघतो.

कालवड पुढे गाय झाली. गेल्या वर्षी व्यायली. तिच्या वासराच्या शेपटीचे थोडे केस यंदाच्या आमिषांत आहेत आणि वहीच्या पहिल्या रकान्यात तशी नोंद आहे. खाडीकाठच्या ज्या वाचकांस सवड असेल, त्यांनी यंदाच्या हंगामात दोन आमिषे करून पाहावीत, आणि ती करण्यापूर्वी वही आखावी, अशी आमची विनंती आहे.